धागा: माझ्या वयाची नायिका गेममध्ये का मिळत नाही?

कांडीवाली (शहापूर)

नमस्कार मंडळी. एक गोष्ट आठवडाभर मनात घोळतेय, म्हणून धागा काढते.

माझं वय ५३. आमच्या घरी पूर्वी दोन माग होते, आता एकच उरलाय आणि तोही लग्नसराईत तेवढा चालतो. लेक बेंगळुरूला नोकरीला गेली तेव्हा तिचा जुना संगणक माझ्याकडं राहिला. फोनवर 'जेवलीस का, झोपलीस का' याच्या पुढं बोलणं सरकेना, तेव्हा तिनंच मला गेम शिकवला. आता रोज रात्री साडेनऊला, भांडी आवरली की, दोघी हेडफोन लावून बसतो. तिच्या मनातलं मला जे काही कळतं ते खेळता खेळताच कळतं.

गेल्या आठवड्यात तिनं एक नवा रोल-प्लेइंग गेम उतरवून घ्यायला लावला. नाव देत नाही, कारण मुद्दा त्या एका गेमचा नाही. सुरुवातीला आपलं पात्र आपण घडवायचं. शिंगं होती, शेपट्या होत्या, एक डोळा निळा नि एक सोनेरी करता येत होता. मी केस पांढरे केले. पांढऱ्या केसांखाली चेहरा विशीतल्या पोरीचाच. डोळ्यांच्या कडेच्या रेघा, गळ्याची सैल कातडी, भरलेले दंड, काही म्हणजे काही नाही. पुरुषांत मात्र पिकल्या दाढीचा, कपाळाला आठ्या असलेला एक चेहरा होता.

लेक म्हणाली, आई, कुठलाही घे, काय फरक पडतो? घेतला एक. पण ती पाठमोरी पळताना दिसली की दर वेळी वाटतं, ही तर माझी लेक. मी कुठं आहे?

कुणाला वयस्क नायिकांची चांगली उदाहरणं माहीत असतील तर सांगा. कोपऱ्यात बसून रस्ता दाखवणारी आजीबाई नको. लढणारी, निर्णय घेणारी पाहिजे.

आरपीडी_कॉर्नर

काकू, आना अमारी! ओव्हरवॉच नावाच्या ऑनलाइन नेमबाजीच्या गेममधली. वय ६०, इजिप्तची, नेमबाज, एक डोळा गेलेला.

गेम २०१६ च्या मे महिन्यात आला तेव्हा २१ पात्रं होती. राइनहार्ट साठीतला, टोर्ब्यॉर्न पन्नाशीच्या पुढचा, सोल्जर ७६ चे केस पिकलेले. पुरुषांचं वय पहिल्या दिवसापासून होतं. बायकांत त्या वयाची कुणी नव्हती. जुलैमध्ये पहिलं नवं पात्र आलं ती आना.

आमी पाचजण कॅफेत खेळायचो, त्यातले दोघं कन्नड शाळेतले. सगळे तिला अज्जीच म्हणायचो. कन्नडमधी अज्जी, आपल्यात आज्जी, शब्दावरनं वाद व्हायचा प्रश्नच नाही. 'अज्जी, माझ्याकडं बघ', 'अज्जी, त्याला झोपव'.

तिची बंदूक दुहेरी हाय. आपल्या माणसाला लागली तर जखम भरते, शत्रूला लागली तर इजा. झोपेचा डार्ट हाय, अंगावर धावून येणारा केवढाबी दांडगा असूदे, तिथंच आडवा. आणि एक ग्रेनेड, तो लागला की शत्रूला थोडा वेळ कसलंच औषध लागू पडत नाही. खरं तिला उंच उडी नाही, झटकन सरकणं नाही, पळून जायची काहीच सोय नाही. उभं कुठं राहायचं हे आधीच ठरवायला लागतं. मी चार वर्षं खेळालोय, अजून आना नीट जमत नाही.

कांडीवाली (शहापूर)

ओव्हरवॉच उतरवायला लावलाय. झोपेचा डार्ट ऐकूनच आवडला. पण तिची गोष्ट काय आहे? नुसती बंदूक चालवणारी म्हातारी की तिला घरदार आहे?

गोकाकचा_पाऊस

आहे, आणि तीच तिची खरी ताकद आहे. आनाची मुलगी फरीहा, गेममधलं नाव फॅरा, तीही त्याच गेममध्ये खेळता येणारं पात्र आहे, वय ३२. आना मोहिमेवर असताना समोरच्या नेमबाजाला टिपायला जाते आणि दुर्बिणीतून ओळखते की ही तर आपल्या सहकाऱ्याची बायको, आता शत्रूच्या हातातलं हत्यार झालेली. क्षणभर ती थांबते. त्या क्षणात समोरची गोळी झाडते आणि आनाचा डोळा जातो. जग तिला मेलेली समजतं, ती तसंच समजू देते. लेकीलासुद्धा. पुढं ती लेकीला पत्र लिहिते.

माझी एक तक्रार मात्र आहे. ही गोष्ट बहुतेक कॉमिक आणि छोट्या चित्रफितींत सांगितलीय. खेळताना तिचे तुकडे संवादांतून कानावर पडतात, एवढंच. कथेच्या जोरावर चालणारे जे मोठे ऑनलाइन गेम आहेत त्यांत आनासारखी बाई मधोमध उभी आहे आणि गोष्ट तिच्याभोवती फिरते, असं मला तरी भेटलेलं नाही.

गणपत_गल्ली

आई-मुलीचं निघालं म्हणून टेकन या मारामारीच्या गेमची आठवण सांगतो. ऑनलाइनचा जमाना नव्हता तेव्हाची आहे, पण या धाग्यातच शोभेल.

शाळा सुटली की आम्ही प्लेस्टेशनच्या दुकानात. टेकन ३. कथेत टेकन २ आणि ३ मध्ये १९ वर्षांचं अंतर आहे. हेइहाची म्हातारा झाला, केस पिकले, तरी तोच सगळ्या घराण्याचा कर्ता आणि खलनायक. त्याच १९ वर्षांत निना विल्यम्सचं काय झालं? तिला आणि तिची बहीण अॅनाला गोठवून झोपवलं होतं. म्हणून दोघी होत्या तशाच तरुण बाहेर आल्या. लहानपणी मला हे भारी वाटायचं. आता वाटतं, बाईच्या अंगावर १९ वर्षं दिसायला नकोत म्हणून कथेला केवढी कसरत करायला लावली!

आणि पुढं ऐका. टेकन ४ मध्ये स्टीव्ह फॉक्स नावाचा मुष्टियोद्धा येतो. तो निनाचा मुलगा. ती गोठलेली असताना तिच्या बीजापासून प्रयोगशाळेत जन्मलेला. त्याला मारायची सुपारी तिच्याकडंच येते. म्हणजे आई आणि मुलगा समोरासमोर उभे, आणि दिसायला भाऊबहीण. एवढा मोठा प्रसंग, पण आईच्या चेहऱ्यावर आईपणाचं एक वर्षही नाही. आना आणि फॅरा शेजारी उभ्या राहिल्या की न सांगता कळतं कोण कुणाची कोण. मला तो फरक फार मोठा वाटतो.

खानापूर_जंगल

गेन्शिन इम्पॅक्ट या ऑनलाइन गेममध्येही तेच. झोंगली सहा हजार वर्षांपेक्षा जुना, दिसतो तिशीचा. रायडेन शोगुन या देवीचं तेच. त्यातल्या लियूए बंदरात मॅडम पिंग आहेत, पांढऱ्या केसांच्या आजी, फुलं सांभाळत उभ्या असतात. कथेत कळतं की त्या फार मोठ्या सिद्ध आहेत. पण त्यांना आपल्या पथकात घेऊन लढता येत नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेली छोटी याओयाओ मात्र घेता येते.

टिळकवाडी_काकू

मी ५८ वर्षांची आहे आणि मला हे मुळीच पटत नाही, म्हणून लिहिते.

मी दिवसभर वयाबरोबरच राहते. सकाळी उठताना गुडघा आठवण करून देतो, बसमध्ये पोरगं 'आज्जी, बसा' म्हणतं, डॉक्टर म्हणतात आता या वयात असं व्हायचंच. रात्री एक तास खेळायला मिळतो. त्या तासात मला भिंतीवरून उड्या मारायच्या आहेत, केस कमरेपर्यंत सोडायचे आहेत. लग्न झालं तेव्हा मी २० वर्षांची होते. विशीतलं मी काहीच जगले नाही. आता मला ते गेममध्ये मिळतंय तर तिथंही सुरकुत्या काढून बसू का?

कांडीवाली ताई, तुमच्याविषयी राग नाही. पण 'आपल्या वयाच्या बाईला आपलंच वय बघायचं असतं' असं कुणी धरून चालू नये.

कांडीवाली (शहापूर)

काकू, तुमची पोस्ट दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना डोळ्यांत पाणी आलं. माझंही लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं.

तुमची ती वीस वर्षांची पोरगी तुम्हाला मिळालीच पाहिजे, तिला कुणी हात लावू नये. माझं म्हणणं एवढंच की यादीत तिच्या शेजारी आणखी एक चेहरा असावा. तुम्हाला न जगलेलं जगायचंय. मला जे जगून झालंय ते घेऊन आत जायचंय. तीस वर्षं मी कांड्या भरल्या, सूत तुटायच्या आधी बोटाला कळतं मला. गेममध्ये गेलं की ते सगळं पुसून मी कोरी पाटी होते, हे मला सहन होत नाही.

येळ्ळूरचा

मी थ्रीडीत काम करतो, पुण्यात. पात्रांचं मॉडेलिंग आणि थोडं अॅनिमेशन. आतली गोष्ट सांगतो, म्हणजे हे नुसतं 'त्यांना सुचत नाही' म्हणून होत नाही हे कळेल.

ऑनलाइन गेममध्ये सहसा प्रत्येक पात्रासाठी वेगळा सांगाडा करत नाहीत. ठराविक चार-पाच सांगाडे असतात, त्याला आम्ही रिग म्हणतो. चालणं, पळणं, तलवार फिरवणं, सगळ्या हालचाली त्या सांगाड्यावर एकदाच बसवायच्या आणि शंभर पात्रांना वापरायच्या. कपडेही त्याच मापावर शिवलेले. बहुतेक फुकट गेमची कमाई या कपड्यांवरच चालते. आता साठीची बाई आणायची तर खांदे वेगळे, कंबर वेगळी, पाऊल टाकणं वेगळं. म्हणजे नवा सांगाडा, नव्या हालचाली, आणि आधी केलेला प्रत्येक कपडा पुन्हा बसवायचा. बैठकीत पहिला प्रश्न खर्चाचाच निघतो.

दुसरं, चेहरा. गुळगुळीत कातडी कमी मेहनतीत चालून जाते. सुरकुतीला नॉर्मल मॅप लागतो, म्हणजे पृष्ठभागावर खोलीचा भास देणारं चित्र. मोबाइलसाठी ते चित्र लहान केलं की सुरकुती मळकट डागासारखी दिसते. शिवाय सुरकुती हसताना सरकली पाहिजे. ती जागच्या जागी राहिली तर चेहरा मुखवटा वाटतो.

पण हे सगळं खरं असूनही पुरुषांसाठी हाच खर्च होतो. पिळदार म्हातारा सेनापती पाहिजे म्हटलं की नवा सांगाडा मिळतो. आधीच्या नोकरीत मला एकदा 'आजी' करायला सांगितली होती. सूचना अशी की तरुण बाईचंच मॉडेल घे, पाठ वाकव, काठी दे. चार तासांत झालं. ते बघून मला लाज वाटली होती. माझी आज्जी सत्तरीत राजहंसगडाच्या पायथ्याच्या शेतातून डोक्यावर भारा घेऊन यायची, ताठ. ती वाकलेली नव्हती. तिचं पाऊल तेवढं वेगळं पडायचं. वय झालेल्या माणसाची ढांग लहान होते आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर जास्त वेळ टेकलेले राहतात. एवढं जरी नीट पकडलं तरी लांबून, चेहरा न दिसतासुद्धा, वय कळतं.

आरपीडी_कॉर्नर

दादा, हे कधी डोक्यातच आलं न्हवतं. आता सगळ्या गेममधली चालणी बघत बसणार मी.

निपाणीची_तंबाखू

मी नेहमी नुसती वाचते, आज लिहिते.

माझी आई बिडी कामगार. मजुरी हजार बिड्यांमागं, त्यामुळं हाताचा वेग म्हणजेच पोटाचं गणित. पन्नाशीनंतर तिची नजर अधू झाली. मी म्हटलं, आता बस. ती म्हणाली, डोळे कशाला पाहिजेत? पान ओलं किती आहे ते बोटाला कळतं, तंबाखू किती घेतली ते वजनाला कळतं. लाईट गेली तरी तिचं सूप चालूच असायचं. शेजारच्या तरुण पोरी वेगात पुढं असायच्या, पण तपासणीत त्यांच्या बिड्या बाजूला निघायच्या. आईच्या क्वचितच.

गेम करणाऱ्यांना हे का सुचत नाही? वय झालं की पात्राचा वेग कमी करा, हरकत नाही. पण त्याच्या बदल्यात दुसरं काही द्या. जे तरुण पात्राला दिसत नाही ते तिला ऐकू येऊ दे. सापळा लावलाय हे जमिनीवरच्या धुळीवरून तिला समजू दे. समोरचा खोटं बोलतोय हे संवादात फक्त तिलाच कळू दे. आनाच्या बंदुकीबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, हे कुणीतरी आईकडं बघून केलंय. कुठं उभं राहायचं हे आधी ठरवायला लागतं म्हणे. आई सुपापुढं बसताना उजेड कुठल्या बाजूनं येतो ते बघून बसायची.

बैलहोंगल_रोड

निपाणीच्या ताईंनी जे लिहिलं त्यापुढं माझं थोडं कोरडं वाटेल, तरी मांडतो.

आपल्या भागात ही नायिका नवी नाहीच. कित्तूरची राणी चन्नम्मा काकतीची, म्हणजे बेळगावच्या वेशीवरची. जन्म १७७८. दत्तक वारस इंग्रजांनी नाकारला आणि २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरला लढाई झाली, इंग्रज अधिकारी थॅकरे मारला गेला, तेव्हा ती पंचेचाळिशी पार करत होती. नवरा गेलेला, पोटचा मुलगा गेलेला. पुढं ती बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत राहिली आणि १८२९ मध्ये तिथंच गेली. मी तिच्या समाधीवरून रोज जातो. पण चित्रांत, मिरवणुकीच्या देखाव्यांत घोड्यावर बसलेली राणी बहुतेक वेळा पंचविशीची काढतात. आपण स्वतःच तिचं वय पुसतो, मग जपान-अमेरिकेच्या गेमवाल्यांना काय म्हणायचं?

जिजाऊंचा जन्म १५९८. महाराज १६६६ मध्ये आग्र्याला गेले तेव्हा मागं राज्याची जबाबदारी त्यांच्याकडं होती, वय ६८. ताराराणींनी १७५० मध्ये साताऱ्याच्या किल्ल्यावर छत्रपती रामराजाला कैदेत टाकलं, पेशव्याला न जुमानता, तेव्हा त्या ७५ वर्षांच्या. योग्य केलं की अयोग्य यावर भांडू शकता, पण त्या डावाचा सूत्रधार पंचाहत्तरीची बाई होती. कथा-प्रधान गेमला याहून चांगलं कथानक कुठलं? किल्ल्याचे दरवाजे, फितुरी, खलिते, वेढ्यातलं धान्य, आणि मधोमध जिला घोड्यावर बसायची गरज उरलेली नाही अशी बाई.

गोकाकचा_पाऊस

ताराराणींचा मुद्दा मान्य. फक्त एक भीती वाटते. ऐतिहासिक म्हटलं की आपल्याकडं देव्हारा होतो, मग तिला चुकू देत नाहीत. आना आवडते कारण ती चुकली, लपली, लेकीला दुखावलं. न चुकणारी जिजाऊ किंवा चन्नम्मा खेळायला मजा येणार नाही. कुणा राणीचं नाव नकोच. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या जत्रेला पायी जाणारी एखादी साधी म्हातारी घ्या, आणि तिला वाटेत गोष्ट घडू द्या.

साडेनऊवाली

मी कांडीवालीची लेक. आईनं धागा काढलाय हे मला परवा कळलं. सगळं वाचून काढलं.

'काय फरक पडतो' म्हणणारी मीच. चुकलं माझं, आई. मी रोज स्वतःसारखं दिसणारं पात्र घेते आणि मला ते इतकं सवयीचं झालंय की जाणवतसुद्धा नाही.

इथल्यांसाठी एक उदाहरण देते. फायनल फँटसी १४ या ऑनलाइन गेममध्ये मातोया आहे, गुहेत झाडूंच्या संगतीत राहणारी म्हातारी विदुषी, तोंडानं फटकळ. १९८७ च्या पहिल्या फायनल फँटसीत ती होती, स्फटिकाचा डोळा हरवलेली, तो शोधून दिला की औषध देणारी. ऑनलाइन गेममध्ये तिला शिष्या मिळाली, याश्तोला, आणि २०१९ च्या भागात याश्तोला स्वतः गुरूचंच नाव घेऊन वावरते. मला ते फार आवडतं. तरीपण आईच्या भाषेत सांगायचं तर मातोया कोपऱ्यातच आहे. नाव पुढं गेलं, ती गुहेत राहिली.

आणि जे आई सांगणार नाही ते मी सांगते. ओव्हरवॉच सुरू करून तिला आठ दिवस झालेत. बंदुकीचा नेम अजून वाकडातिकडा आहे. पण समोरचा कधी धावून येणार हे तिला माझ्याआधी कळतं. मी विचारलं कसं, तर म्हणाली, गप्प झाला होता ना तो इतका वेळ.

टिळकवाडी_काकू

अगं, हे वाचून मलाही एकदा ती आना बघावीशी वाटतेय. माझी वेणीवाली पोरगी सोडणार नाही, पण साडेनऊला जागा असेल तर मला घ्याल का?

कांडीवाली (शहापूर)

या की काकू! लाईट गेली नाही तर उद्याच.

येळ्ळूरचा

कांडीवाली ताई, एक विनंती. नोकरीबाहेर, माझ्या हौसेसाठी एक पात्र करायला घेतोय. साठी-सत्तरीची बाई, नऊवारीतली, नवा सांगाडा, पाठ न वाकवता. माझी आज्जी आता नाही, तिचा चालतानाचा एकही व्हिडिओ आमच्याकडं नाही. तुमच्या घरी कुणी वडीलधारी असतील तर त्यांचा जिना उतरतानाचा व्हिडिओ मिळेल का? बाजूनं काढलेला, कमरेपासून पावलांपर्यंत. चेहरा नको. उतरतानाचाच पाहिजे, चढताना सगळेच सारखे दिसतात.

कांडीवाली (शहापूर)

सासूबाई आहेत, ८१ वर्षांच्या. माळ्याचा जिना दिवसातून चार वेळा उतरतात, कठड्याला हात न लावता. आत्ता विचारलं त्यांना. म्हणाल्या, काढ, पण कुठलं लुगडं नेसू ते आधी त्या पोराला विचार.